किरणाला जाडी असते का?

दिव्याहून निघालेली रोहा गाडी नागोठण्याहून सुटली की रोह्याच्या अलीकडे निडी लागतं. पुढे रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. रूळ, शेताचे बांध, गटांच्या हद्दी, या पट्ट्यात बरंच काही सरळ रेषेवर अवलंबून आहे, आणि ही रेष हल्ली लेझरनं आखली जाते. म्हणून प्रकाशाच्या सरळपणाचा वाद इथंच मांडतो. दोन बाजू दोन माणसांच्या तोंडी देतो. काका हे भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त भूकरमापक. साखळीपासून ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीनपर्यंत सगळ्यावर त्यांचा हात बसलेला. त्यांची पुतणी मुंबईत प्रकाशविज्ञानात पीएचडी करते, लोलक आणि लेझर हा तिचा रोजचा व्यवहार. जागा निडीतल्या घराची पडवी. माझं मत मधूनमधून येईल, ते मी लपवणार नाही.

वाद सुरू झाला तो दहावीच्या पुस्तकातल्या एका आकृतीवरून. काचेतून हवेकडे निघालेला किरण क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनानं पृष्ठभागावर पडला की तो बाहेर जात नाही, सगळाच्या सगळा आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. आकृतीत एक रेघ येते, एका बिंदूला टेकते आणि त्याच बिंदूतून दुसरी रेघ निघते.

पुतणी : काका, त्या बिंदूपाशीच माझी हरकत आहे. झोत जिथे पडतो, तिथूनच परत फिरत नाही.

काका : मग कुठून फिरतो?

पुतणी : जरा पुढून. साधा 45 अंशांचा लोलक घ्या, बीके-7 काचेचा. अपवर्तनांक 1.515, म्हणजे क्रांतिक कोन 41.3 अंश. त्यात हीलियम-निऑनचा लाल लेझर सोडला, तरंगलांबी 0.633 मायक्रॉन. कर्णाच्या पृष्ठभागावरून परतलेला झोत तुमच्या आकृतीतल्या जागेपासून बाजूला सरकलेला असतो. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पृष्ठभागाला समांतर हेलकावत असेल तर 0.37 मायक्रॉन, आणि आपाताच्या प्रतलात हेलकावत असेल तर 0.57 मायक्रॉन.

काका : अर्धा मायक्रॉन! अगं, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. माझं मशीन एक-दोन मिलिमीटरची चूक धरूनच चालतं. तू मला केसाच्या शंभराव्या भागाची गोष्ट सांगतेस. आता माझं ऐक. आम्ही दांडीवर जो गोल प्रिझम लावतो, त्याच्या मागच्या बाजूला तीन तोंडं असतात, एकमेकांशी काटकोनात. प्रकाश तिन्हींवर आपटून आल्या दिशेनंच परत जातो. दांडी धरणाऱ्यानं प्रिझम थोडा तिरका धरला तरी चालतं. बांधावर चिखलात उभं राहून कोण तो अगदी नीट धरणार? हा सगळा किरणांचा हिशेब आहे आणि तो शेतात खरा उतरतो.

पुतणी : उतरतो, मान्य.

काका : पुढे ऐक. काचेत प्रकाश दीडपट हळू चालतो, त्यामुळे मशीनला अंतर आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. त्यात प्रिझम दांडीच्या मध्यापासून किती पुढे-मागे बसवलाय, तेही धरावं लागतं. दोन्ही मिळून प्रिझमचा स्थिरांक निघतो. बऱ्याच प्रिझमना तो उणे 30 मिलिमीटर असतो. हा आकडा मशीनमध्ये चुकीचा भरला तर दर अंतरात 3 सेंटिमीटर खोट येते. गुंठ्या-गुंठ्यावरून भांडणाऱ्या गावात 3 सेंटिमीटर म्हणजे काय, ते मला विचार. भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. म्हणून म्हणतो, चूक शोधायची तर अशी शोध, जी कुणाच्या तरी जमिनीत जाते.

काकांचं हे म्हणणं मला मोलाचं वाटतं. ज्याच्या मोजणीवर दुसऱ्याचा हक्क ठरतो, त्यानं कोणती चूक आधी पकडायची याचा क्रम लावलाच पाहिजे. पुतणीनंही ते टाळलं नाही. तिनं कागद घेतला आणि काकांच्याच प्रिझमचा हिशेब मांडला. समोरून सरळ आलेला किरण तिन्ही तोंडांवर 54.7 अंशांनी पडतो. तिथं लाल प्रकाशाचं सरकणं प्रत्येक तोंडावर 0.2 मायक्रॉनच्या आसपास येतं, म्हणजे तिन्ही मिळून एका मायक्रॉनच्या आत.

काका : झालं तर मग. वाद मिटला.

पुतणी : तुमच्या मोजणीपुरता मिटला. पण तुम्ही म्हणालात, किरणांचा हिशेब खरा उतरतो. मी म्हणते, तो जवळपास खरा उतरतो, आणि हे जवळपास कुठवर चालेल ते किरण स्वतः सांगू शकत नाही.

काका : किरण सरळ जात नाही हे तू मला शिकवू नकोस. भर दुपारी रुळांवरच्या झळांतून पट्टी वाचून बघ, आकडे नाचतात. म्हणून लेव्हलचं काम आम्ही सकाळी उरकायचो. एक किलोमीटरला पृथ्वीच्या गोलाईमुळे 78 मिलिमीटरचा फरक पडतो. हवेमुळे किरण खाली वाकतो, त्यातले अकराएक मिलिमीटर परत मिळतात. तुझ्या अर्ध्या मायक्रॉनच्या वीस हजार पट झाले ते. हे सगळं आम्ही मशीनमध्ये भरतो.

पुतणी : काका, हवेत तो वाकतो खरा, पण वाकूनही किरणच राहतो. हवेचा अपवर्तनांक थरागणिक हळूहळू बदलतो, रेघेची वक्ररेघ होते, गणित तेच. लोलकाच्या पृष्ठभागावर गोष्ट वेगळी आहे. तिथं अपवर्तनांक 1.515 वरून एकदम 1 होतो, तरंगलांबीच्या आतच. जे काही होतं ते तरंगलांबीएवढ्या जागेत होतं, आणि एवढ्या जागेत रेघ मारायला वाव नाही.

काका : मग तिथं होतं तरी काय?

पुतणी : आधी झोत म्हणजे काय ते बघू. लेझर कितीही सरळ दिसला तरी एका दिशेचा नसतो. सगळ्यांत बारीक जागी त्याची त्रिज्या अर्धा मिलिमीटर असेल, तर तो मिलिरेडियनच्या चार दशांश एवढा फाकतो. म्हणजे त्यात थोड्या थोड्या वेगळ्या दिशांचे असंख्य तरंग एकत्र आहेत. ते एकमेकांत मिसळून मधे उजेड करतात आणि कडेला एकमेकांना खोडतात, म्हणून आपल्याला झोत दिसतो. आता हा झोत पृष्ठभागावर आला. पूर्ण परावर्तनात प्रत्येक तरंग सगळाच्या सगळा परततो, पण परतताना त्याची कला मागे-पुढे होते, आणि किती होते ते कोनावर ठरतं. प्रत्येक दिशेचा उशीर वेगळा. परतलेल्या सगळ्या तरंगांची बेरीज केली की उजेडाचं शिखर सरकलेलं निघतं. आदळण्याचा बिंदू म्हणून जो तुम्ही आकृतीत काढता, तो तरंगांच्या लेखी नसतोच.

काका : म्हणजे प्रकाश बाहेर जाऊन परत येतो, असं म्हण की.

पुतणी : न्यूटननं तेच म्हटलं होतं! 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये. लोलकावर किंचित फुगीर भिंग टेकवलं, तर जिथं काचेला काच खरोखर टेकते त्याहून मोठ्या भागातून प्रकाश पलीकडे जातो, हे त्यानं पाहिलं होतं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी 1897 मध्ये विद्युतलहरींवर हाच प्रश्न लावला. दोन लोलक समोरासमोर ठेवून मधली हवेची फट कमी-जास्त केली, आणि फट पुरेशी अरुंद असेल तर पूर्ण परावर्तन पूर्ण राहत नाही हे मोजून दाखवलं. काचेबाहेर तरंग असतो, फक्त तो झपाट्यानं विझतो. माझ्या 45 अंशांच्या लोलकात दर पाव मायक्रॉनला त्याचा आयाम साधारण एक तृतीयांश उरतो.

काका : आणि ते सरकणं? ते कुणी मोजलं?

पुतणी : हॅम्बुर्गमध्ये फ्रिट्झ गूस आणि हिल्डा हेन्शन यांनी. हेन्शनचा पीएचडीचा प्रबंध 1943 चा, दोघांचा निबंध 1947 चा. त्या काळी लेझर नव्हता. त्यांनी एकाच काचेच्या पट्टीत प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित केला, म्हणजे सरकणं साठत गेलं. आणि पट्टीच्या काही भागावर चांदीचा थर दिला. चांदीवरून परतलेली रेघ आणि नुसत्या काचेवरून परतलेली रेघ शेजारी-शेजारी आली, आणि दोन्हींत अंतर दिसलं.

काका : हे बरं केलं. एका वाचनात चूक दिसत नसेल तर ती साठू द्यायची, आणि शेजारी पक्की खूण ठेवायची. आम्हीही कोन एकदा वाचत नाही, मशीनच्या दोन्ही तोंडांनी वाचतो.

मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. काका प्रथमच प्रयोग करणाऱ्याच्या बाजूनं बोलले, आणि ते मोजणीदार म्हणूनच. हेन्शनचं नाव आज त्या सरकण्याला कायमचं जोडलेलं आहे. युद्धाच्या काळात, हाताशी असलेल्या साध्या काचेवर एका तरुणीनं केलेलं ते काम. आपल्याकडच्या पुस्तकांत गूस-हेन्शन हे नाव आलं तर ते सूत्रापुरतं येतं, त्या चांदीच्या पट्टीबद्दल कुणी बोलत नाही. खरं तर शिकण्याजोगी आहे ती पट्टीच.

यापुढे पुतणीनं जे सांगितलं त्यानं काका खरोखर अस्वस्थ झाले.

पुतणी : आतापर्यंत फक्त जागा सरकली. कोनही सरकतो.

काका : कोन? आपाती कोन बरोबर परावर्तन कोन. हा तर पहिला नियम आहे.

पुतणी : एकेका तरंगासाठी तो पक्का आहे, तो कुणी मोडलेला नाही. पण तुम्ही झोताचा मध्य मोजता, आणि मध्य ही बेरीज आहे. समजा, झोत बरोबर क्रांतिक कोनावर ठेवला. झोतातले अर्धे तरंग क्रांतिक कोनाच्या पलीकडे पडतात, ते पूर्ण परततात. अर्धे अलीकडे पडतात, त्यांतला काही प्रकाश हवेत निसटतो. परतलेल्या झोतात एका बाजूचे तरंग भरघोस आणि दुसऱ्या बाजूचे कमी. मध्य भरघोस बाजूकडे कलणारच. हवेत निसटलेल्या झोताचंही तेच, त्याचा मध्य स्नेलच्या नियमानं सांगितलेल्या कोनावर बसत नाही. हवेतून काचेवर पडणाऱ्या झोताचंही असंच होतं. तिथं साधारण 56.6 अंशांच्या आसपास आपाताच्या प्रतलातलं ध्रुवण, म्हणजे त्या प्रतलात हेलकावणारा प्रकाश, जवळजवळ परततच नाही. त्या कोनाच्या अलीकडे-पलीकडे परावर्तन इतक्या वेगानं बदलतं की झोताची दिशा बदललेली मोजता येते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटानं 2009 मध्ये हे मोजून दाखवलं.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलेला प्रश्न या सगळ्या चर्चेतला सर्वांत चांगला प्रश्न होता.

काका : जागा सरकली तर ती लांबवरही तेवढीच सरकलेली राहते. आमच्याकडे मशीन खुंटीवरून 2 मिलिमीटर हललं, तर शंभर मीटरवरही साधारण तेवढाच घोळ. पण कोन चुकला तर अंतर वाढेल तशी चूक वाढते. तुझं हे कोनाचं सरकणं दूरवर वाढतं का?

पुतणी : वाढतं. म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. शिवाय झोत जितका बारीक, तितका तो जास्त फाकतो, आणि हे सरकणं त्या फाकण्याच्या वर्गानं वाढतं. झोत दहापट बारीक केला तर कोनाचं सरकणं शंभरपट. बारीक झोत आणि त्या 56.6 अंशांच्या जवळचा कोन निवडला, तर सरकणं सेकंदांच्या घरात जातं.

काका : सेकंद तर माझं मशीन वाचतं!

पुतणी : वाचतं. तुमचा झोत प्रिझमच्या समोरच्या तोंडावर जवळजवळ सरळ पडतो आणि चांगला रुंद असतो, म्हणून तुम्हाला ते भेटत नाही. ते नाहीच असं मात्र म्हणता येणार नाही. हाच प्रिझम चंद्रावर ठेवला की काय होतं बघा. 1969 मध्ये अपोलो 11 नं चंद्रावर असेच कोपरा-प्रिझम ठेवले, 3.8 सेंटिमीटर व्यासाचे, मागच्या तोंडांना धातूचा थर नसलेले. म्हणजे तिथंही पूर्ण आंतरिक परावर्तनच. तुमचे किरण म्हणतात, प्रकाश आल्या वाटेनं तेवढ्याच जाडीत परत येईल. प्रत्यक्षात पृथ्वीवर पोचेपर्यंत तो दहा-पंधरा किलोमीटर पसरलेला असतो. भोक लहान असलं की तरंग पसरतोच. त्यात तिन्ही तोंडांवर ध्रुवण बदलतं, त्यामुळे मधल्या ठिपक्याभोवती आणखी सहा फिकट ठिपके पडतात. किरणांच्या आकृतीत ते सहा ठिपके कुठून आणणार?

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, पण चंद्र फार लांब होता. निडीत दिसेल असं काही दाखव, असा त्यांचा आग्रह. तेव्हा पुतणीनं पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास आणला. वाचकांनी हे घरी करून बघावं. ग्लास बोटांत धरायचा आणि वरून, पाण्यातून, आतल्या बाजूच्या काचेकडे तिरकं बघायचं. बोटं दिसतच नाहीत, काच चांदीसारखी चमकते. आता बोटं जोरात दाबायची. जिथं कातडी खरोखर काचेला भिडते तिथं ठशाच्या रेषा एकदम उमटतात, आणि रेषांमधली जागा चांदीसारखीच राहते. कोरड्या बोटापेक्षा ओलं बोट कितीतरी स्पष्ट दिसतं.

काका : हे तर रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनसारखं!

पुतणी : प्रकाशावर चालणाऱ्या बऱ्याच ठसे-यंत्रांत हेच असतं. आत लोलक, खालून प्रकाश, वर तुमचा अंगठा. अंगठ्याच्या रेषा टेकतात तिथलं पूर्ण परावर्तन बिघडतं, कॅमेऱ्याला तिथं काळं दिसतं.

काका : थांब. इथं तुझा तरंग कशाला हवा? कातडी काचेला टेकली म्हणजे तिथं हवा उरली नाही. काचेपलीकडे कातडी, कातडीचा अपवर्तनांक हवेहून जास्त, क्रांतिक कोन बदलला, प्रकाश आत गेला. किरणानंच सगळं सुटलं.

पुतणी : ओल्या बोटाचं सुटलं. आणि रेषांमधल्या खाचा दहा-वीस मायक्रॉनहून खोल असतात, तिथं विझता तरंग पोचतच नाही, तेही किरणानं सुटतं. प्रश्न कोरड्या बोटाचा आहे. कोरडी, राबून राबून घासलेली कातडी काचेला टेकली असं वाटतं, पण मधे ठिकठिकाणी हवेच्या सूक्ष्म फटी राहतात. फट पाव मायक्रॉनची असेल तर थोडा प्रकाश निसटतो, मायक्रॉनची असेल तर जवळजवळ काहीच नाही. किरणाच्या आकृतीत दोनच उत्तरं आहेत, टेकलं किंवा नाही टेकलं. यंत्राला लागतं ते मधलं. नांगर धरलेल्या, मीठ उचललेल्या माणसाचा अंगठा लागत नाही, तेव्हा तो पुष्कळदा या मधल्या जागेतच अडकलेला असतो.

पुतणीचं हे शेवटचं वाक्य मी पूर्ण मान्य करतो. पेण-रोह्याकडे मिठागरात आणि शेतात काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांना अंगठा पुन्हा पुन्हा पुसून, ओला करून लावावा लागतो. अशा वेळी त्यांना ‘नीट लावा’ म्हणून खेकसणारा माणूस त्यांच्यावर अन्याय करतो. बोट ओलं केल्यावर ठसा लागतो याचं कारण त्या पाव मायक्रॉनच्या फटीत आहे. पाणी ती फट भरून काढतं.

काका : बरं. मग माझी चूक कुठं झाली ते सांग. माझे बांध तर आजही जागेवर आहेत.

पुतणी : तुमची चूक नाहीच, काका. तुमच्या कामाला किरण पुरतो. माझी तक्रार पुस्तकातल्या आकृतीवर आहे. ती किरण काढते आणि तो कुठवर चालतो ते लिहीत नाही.

काकांनी कपाटातून जुना कागद काढला. शेताचा नकाशा होता, पण कोपऱ्यात प्रमाण नव्हतं.

काका : हा बघ. याला आम्ही हातनकाशा म्हणतो. दिशा कळते, शेजारी कोण ते कळतं, पण यावर फूटपट्टी लावून अंतर काढायचं नाही. फूटपट्टी लावायची तर प्रमाण लिहिलेला नकाशा लागतो. तुझ्या त्या किरणाच्या आकृतीवर प्रमाण लिहिलेलं नाही. म्हणजे हातनकाशा झाला तो. आणि हातनकाशावर कुणी फूटपट्टी लावली, तर दोष नकाशाचा नसतो, तो काय आहे हे न सांगणाऱ्याचा असतो.

या वादाचा निकाल काकांनीच दिला, आणि तो पुतणीच्या बाजूनं गेला. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. लोलकातला किरण फळ्यावर काढाच, पण शेजारी एक ओळ लिहा : काचेचा तुकडा आणि झोताची रुंदी तरंगलांबीपेक्षा खूप मोठी असेल, आणि कोन क्रांतिक कोनापासून पुरेसा दूर असेल, तोवर ही आकृती धरून चालावी. मग वर्गात पाण्याचा एक ग्लास फिरवा आणि मुलांना बोटं दाबून बघू द्या.